सशाची पापणी

ससा पापणी फार कमी हलवतो. आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा हलवतो, ससा तासाभरात मोजून काही वेळा. ही गोष्ट मी पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी बघितली. नांदेडला एम. फार्म. करत होतो तेव्हा, कॉलेजच्या मागच्या बाजूला असलेल्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये. समोर पिंजऱ्यात पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा. त्याच्या एका डोळ्यात मी बनवलेले थेंब घातलेले, दुसरा डोळा तसाच ठेवलेला. एक तासानं, चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी आणि बहात्तर तासांनी तो डोळा बघून वहीत लिहायचं. लाल झाला का, सुजला का, पाणी येतंय का, बुबुळावर पांढरं काही दिसतंय का.

पापणी हलत नाही म्हणून डोळ्यातलं औषध लवकर वाहून जात नाही. ससा प्रयोगाला सोयीचा ठरण्याचं ते एक कारण. बाकीची कारणंही साधीच आहेत. डोळा मोठा असतो, जनावर गरीब असतं, आणि ते ओरडत नाही. १९४४ साली जॉन ड्रेझ या अमेरिकी सरकारी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सशाच्या डोळ्यावरची ही चाचणी आखून दिली आणि जगभर ती त्याच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. शाम्पूपासून औषधापर्यंत काय काय त्या डोळ्यांत गेलंय याचा हिशोब नाही.

माझ्याकडे तीन ससे होते. कॉलेजच्या प्राणी-नीती समितीपुढं अर्ज करून, किती ससे, कशासाठी, नंतर त्यांचं काय करणार हे सगळं लिहून मिळालेले. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा आपला कायदा १९६० चा आहे आणि प्रयोगांसाठीचे नियम १९९८ चे. त्यामुळे कागदपत्रं भरपूर. सशांना नावं नव्हती, कानावर मार्करनं आकडे होते. अ‍ॅनिमल हाऊस सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. पहिल्या दिवशी मी एका सशाला कुरवाळत बसलो तर मामा म्हणाले, "ओ सर, लई जीव नका लावू. मलाच जमत नाही ते, तुम्हाला कुठं जमायलंय."

माझं औषध सौम्य निघालं. एका सशाचा डोळा थोडा लाल झाला, दोन दिवसांत निवळला. प्रबंधात त्या लालीसाठी एक आकडा आला. कुणाला मारावं लागलं नाही. मी सुटलो असं मला तेव्हा वाटलं.

खरं तर माझं बरंचसं काम सशावर नव्हतंच, बोकडावर होतं. औषध कॉर्नियातून, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पटलातून, किती आत झिरपतं हे बघायला बोकडाचे ताजे डोळे लागतात. सकाळी लवकर जुन्या नांदेडात खाटकाकडं जायचं, थर्मासमध्ये थंड सलाइन घेऊन. सुरुवातीला तो हसायचा. नंतर माझ्यासाठी डोळे बाजूला काढून ठेवायला लागला आणि पैसे घेईना. "शिकायला लागतेत ना, घेऊन जा," म्हणायचा. ते बोकड तसेही कापले जाणार होते, त्यामुळे तिथं मनाला काही टोचायचं नाही. टोचायचं ते शेडमध्ये, जिवंत आणि गप्प बसलेल्या सशासमोर.

हे सगळं २०१७ साली संपलं. मी नोकरीला लागलो आणि ससे विसरलो.

*

आम्ही अहमदपूर तालुक्यातले. नांदेड आणि लातूरच्या मधल्या रस्त्यावरचे. आमच्याकडं दहावीला बरे मार्क पडले की पोराला लातूरला टाकतात. मला टाकलं, माझ्या मागोमाग धाकट्या बहिणीलाही टाकलं. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका, मेसचा डबा. दोन-दोन वर्षं काढून आम्हां दोघांचाही मेडिकलला नंबर लागला नाही, चष्म्याचा तेवढा लागला. माझा अडीच. तिचा वाढत वाढत उणे साडेसहापर्यंत गेला.

साडेसहा म्हणजे काय हे चष्मा नसणाऱ्याला सांगूनही कळत नाही. सकाळी उठल्यावर आधी उशाशी चाचपडायचं. चष्मा पलंगाखाली पडला तर तो शोधायला दुसरं माणूस लागतं. तिची मात्र चष्म्याबद्दल तक्रार नव्हती. तिनं बीएस्सी, बीएड केलं, लातूरला एका शाळेत लागली. तक्रार बघायला येणाऱ्यांची होती. चहा-पोहे व्हायचे, सगळं छान बोलणं व्हायचं आणि दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन यायचा. मुलगी चांगलीय, पण चष्मा लई जाड आहे. एका घरानं तर लेकरांनाही नंबर लागेल का म्हणून विचारलं. आई फोन ठेवून म्हणायची, "तेवढा चष्मा नसता माय, तर बारा महिन्यांपूर्वीच उजवली असती."

लासिक मी सुचवलं. पैसेही मीच भरले, पगारातून साठवलेले. तिनं मला विचारलं होतं, "दादा, काही होणार नाही ना?" आणि मी फार्मसीवाला माणूस म्हणून ऐटीत सगळं समजावून सांगितलं होतं.

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. लासिकमध्ये त्याच्या वरच्या थराचं एक पातळ झाकण कापतात, एका बाजूनं जोडलेलं ठेवून पुस्तकाच्या पानासारखं उलटतात. खालच्या भागावर लेझर मारून त्याचा आकार बदलतात आणि झाकण परत बसवतात. टाके नाहीत. दोन्ही डोळे मिळून अर्ध्या तासाचं काम. हा लेझर डोळ्यापर्यंत कसा आला ती गोष्टही मी तिला सांगितली. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा नेऊन एक्झायमर लेझरखाली धरला. आजूबाजूला काही न जळता रेघ स्वच्छ कापली गेली. मग स्टीफन ट्रोकेल या डोळ्याच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी जनावरांच्या डोळ्यांवर तेच करून बघितलं, १९८३ साली ते छापून आलं. पुढं ग्रीसमधल्या क्रीट बेटावर पॅलिकारिस यांनी झाकण कापून त्याखाली लेझर मारायची पद्धत बसवली. ती त्यांनी कशावर बसवली, तर सशांवर. हे शेवटचं वाक्य मी तिला सांगितलं की नाही, आता आठवत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये ऑपरेशन झालं. एका मोठ्या शहरात. जागेचं नाव लिहीत नाही, कारण चूक नेमकी कुठं झाली ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि नुसत्या संशयावर कुणाचं नाव घेणं बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसस्टँडवर उभे होतो. तिच्या डोळ्यांवर काळा गॉगल. तिनं तो जरा वर केला आणि लांबच्या बसची पाटी वाचली. "दादा, उदगीर." मग पुढची. "दादा, देगलूर." मग स्टँडवरच्या सगळ्या पाट्या, जाहिराती, भिंतीवरचे मोबाइल नंबरसुद्धा वाचून दाखवले. लोक बघायला लागले तरी थांबेना.

*

तिसऱ्या आठवड्यात डावा डोळा दुखायला लागला.

आधी नुसती टोचणी, मग लाली, मग उजेड सहन होईना. ऑपरेशन झालं तिथं फोन केला. झाकणाखाली कधीकधी जंतूंशिवायच सूज येते, त्यावर स्टेरॉइडचे थेंब देतात. तसे थेंब सांगितले गेले. दोन दिवसांत डोळा पांढरा झाला, दुखणं कमी झालं. आम्ही निर्धास्त झालो. बाटली संपत आली तेव्हा परत थोडी लाली दिसली, म्हणून मी कुणालाही न विचारता नवी बाटली आणून दिली. माझ्या ओळखीच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय. तिनं विचारलं, "डॉक्टरांना विचारायचं का?" मी म्हणालो, "तेच तर औषध आहे."

हे वाक्य मी गेली काही वर्षं रोज ऐकतो.

दहा दिवसांनी तिच्या बुबुळावर पांढरे ठिपके दिसायला लागले. साध्या डोळ्यांनी, आरशात. आजी असती तर म्हणाली असती, फूल पडायलंय. मला सशाच्या वहीतला शेवटचा रकाना आठवला: बुबुळावर पांढरं काही दिसतंय का.

मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्याला मोठं काही झालं की तो हैदराबाद गाठतो. निजामाच्या वेळची सवय म्हणा, की रेल्वे तिकडं जाते म्हणून म्हणा. मुंबई-पुण्यापेक्षा ते जवळ. रात्रीच्या गाडीनं आम्ही तिघं गेलो, आई, ती आणि मी. गाडीत तिनं डोळ्यावर ओढणी बांधली होती, कारण डब्यातला दिवाही सहन होत नव्हता.

तिथल्या डॉक्टरांनी झाकण उचललं, खालून खरवडून नमुना घेतला आणि प्रयोगशाळेत पाठवला. संध्याकाळी बोलावून सांगितलं की टीबीचे जंतू ज्या पद्धतीनं रंगवून बघतात, त्या पद्धतीनं रंगवल्यावर जंतू दिसलेत. आईनं टीबी एवढंच ऐकलं आणि तिथल्या खुर्चीवर बसून रडायला लागली. माझ्या बहिणीला खोकला नाही, काही नाही, आणि डोळ्याला टीबी? डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. टीबी नाही, त्याचा लांबचा भाऊबंद. नळाच्या पाण्यात, मातीत, सगळीकडं असतो. एरवी आपल्याला काही करत नाही. काही दिवसांनी कल्चरमध्ये नाव आलं, मायकोबॅक्टेरियम चेलोनी.

त्यांनी मग विचारलं, "स्टेरॉइडचे थेंब किती दिवस घातले?"

मी दिवस सांगितले. त्यातले शेवटचे दहा माझे होते.

*

दर तासाला थेंब. रात्रीसुद्धा. अमिकासिनचे थेंब तयार बाटलीत मिळत नाहीत, तिथल्या औषध विभागात इंजेक्शनच्या कुपीतून बनवून देतात. ते जबर झोंबतात. मी दवाखान्याजवळच्या लॉजवर मोबाइलला चोवीस अलार्म लावले. थेंब घातल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडायची. पुढच्या अलार्मपर्यंत झोप येणं शक्य नव्हतं, म्हणून मी वाचायला लागलो. शोधनिबंध कसा शोधायचा आणि वाचायचा एवढं तरी एम. फार्म.नं शिकवलं होतं.

त्या रात्रींमध्ये मला कळलं की बहिणीला जे झालं ते दुर्मीळ असलं तरी अनोळखी नाही. लासिकनंतर डोळ्यात संसर्ग होण्याचं प्रमाण बहुतेक नोंदींमध्ये हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतं. पण झाला तर तो वाईट ठिकाणी होतो. जंतू झाकणाखाली अडकलेले असतात, वरून घातलेले थेंब तिथवर नीट पोचत नाहीत. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराची फौजही उशिरा येते. पहिल्या दोन आठवड्यांत दुखलं तर बहुधा नेहमीचे जंतू असतात, त्यानंतर दुखलं तर या मायकोबॅक्टेरियाचा संशय घ्यायचा असतो. झाकण उचलून नमुना घ्या, नुसतं बघत बसू नका, असं अमेरिकेतल्या मोतीबिंदू आणि लासिकच्या सर्जनांच्या संघटनेनं २००५ सालीच लिहून ठेवलंय. टेक्सासमध्ये एका ठिकाणी लासिकनंतर पाठोपाठ अनेकांना असा संसर्ग झाला, तेव्हा शोधत शोधत तपास बर्फापर्यंत पोचला. डोळा धुवायच्या सलाइनच्या सिरिंज त्या बर्फात थंड करत होते. हैदराबादच्याच एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनीही लासिकनंतरच्या संसर्गांवर लिहिलेलं होतं.

आणि जिथं उपचाराचा विषय निघायचा, तिथं ससे यायचे.

असा निबंध वाचायची सवय नसेल तर सांगतो तो कसा असतो. पद्धत या मथळ्याखाली लिहिलेलं असतं की न्यूझीलंड पांढरे ससे, अमुक वजनाचे, घेतले. भूल दिली. लासिकची नक्कल करायची असेल तर माणसाच्या डोळ्यात कापतात तसंच झाकण कापलं, त्याखाली मोजून जंतू सोडले, झाकण बसवलं. काही प्रयोगांत झाकण न कापता जंतू थेट कॉर्नियात टोचतात. डोळा नीट बिघडला की सशांचे गट पाडतात. एका गटाला हे औषध, दुसऱ्याला ते, तिसऱ्याला नुसतं सलाइन. या तिसऱ्या गटाला बरं करायचंच नसतं, तो तुलनेसाठी असतो. ठरलेल्या दिवशी सगळे ससे मारतात, कॉर्निया काढून वाटतात, जंतू वाढवायच्या थाळीत पसरतात आणि किती वसाहती उगवल्या ते मोजतात. ज्या गटात कमी, ते औषध चांगलं.

२००४ सालचा एक निबंध मी तीनदा वाचला. सशांच्या डोळ्यात हाच जंतू, चेलोनी, घालून गॅटिफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अमिकासिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांची तुलना केलेली होती. गॅटिफ्लॉक्सासिन तिथं उपयोगी ठरलं होतं. माझ्या समोरच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी, बहिणीच्या थेंबांच्या दोन बाटल्या होत्या. एक अमिकासिन, दुसरी गॅटिफ्लॉक्सासिन.

दुसरा निबंध १९९२ चा होता, आणि तो मी एकदाच वाचला. चेलोनीचाच जवळचा भाऊ, फॉर्च्युइटम. सशांच्या डोळ्यात तो घातला आणि काही सशांना स्टेरॉइड दिलं. ज्यांना दिलं, त्यांच्या डोळ्यात संसर्ग रेंगाळला.

म्हणजे मी लॉजच्या खोलीत बसून जे वाचत होतो ते मी बालवाडीतही गेलो नव्हतो तेव्हापासून माहीत होतं. ते कळावं म्हणून ससे मेले होते. आणि फार्माकॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या मी ते न वाचताच बाटली आणून दिली होती. सशांवर अन्याय झाला का, यावर आम्ही कॉलेजात वादविवाद केले होते. एवढं करून मिळवलेलं ज्ञान वापरलंच नाही तर काय, हा मुद्दा त्या वादात कुणी काढला नव्हता.

*

एका रात्री ती झोपली नव्हती. म्हणाली, "काय वाचतोयस एवढं?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं, स्टेरॉइडचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं आता माझ्यावर चिडेल. मग तिनं विचारलं, "त्या सशांना वेदना होत असतील ना रे? मला होतायत तशा?"

मी म्हणालो, भूल देतात, वेदनाशामक देण्याचे नियम आहेत.

"माझ्या डोळ्याला पण भूल दिली होती खरवडताना. मी नंतरचं विचारायलेय."

नंतरचं मला माहीत होतं. नंतर ससा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोळा अर्धा मिटून बसतो. न ओरडणारं जनावर आहे, त्यामुळे वहीत तेवढंच येतं.

"किती होते?" तिनं विचारलं. मी निबंध उघडून आकडा बघायला लागलो, तर म्हणाली, "राहू दे. सांगू नकोस."

मी या प्रश्नाचं उत्तर काढायचा प्रयत्न पुष्कळ केला. सशाचा डोळा आणि माणसाचा डोळा सारखा नाही, हे खरं आहे. सशाचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ असतो. आपल्याकडं वरच्या पेशींखाली एक चिवट थर असतो, सशात तो जवळपास नसतोच. आतल्या बाजूच्या ज्या पेशी माणसात एकदा गेल्या की परत येत नाहीत, त्या सशात परत वाढतात. सशाला तिसरी पापणीही असते. त्यामुळे सशात चाललेलं औषध माणसात चालेलच असं नाही, आणि डॉक्टर शेवटी रोग्यांच्या अनुभवावरही तेवढेच अवलंबून असतात. पण हे सगळं मान्य करूनही, त्या रात्री मला तिसऱ्या गटातल्या, नुसत्या सलाइनवर ठेवलेल्या सशाच्या जागी माझी बहीण नको होती. आधी कुठं तरी तुलना झाल्याशिवाय ती कुणावर तरी करावी लागली असती. एवढा स्वार्थ माझ्यात आहे, आणि तो मला लपवता येत नाही.

दुसरीकडं, गरज संपते तिथं ससे कमी होतात हेही मी बघितलंय. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघांनी प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा अशी तीन सूत्रं मांडली. डोळ्याच्या जळजळीची चाचणी कत्तलखान्यातून आणलेल्या गाईगुरांच्या कॉर्नियावर करायची पद्धत २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आली, म्हणजे माझ्या बोकडाच्या डोळ्यांचीच थोरली आवृत्ती. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ पासून बंदी आहे. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत पेशींवरच्या आणि चिपवरच्या चाचण्यांनाही जागा मिळाली. संसर्गाचा अभ्यासही काही जण कत्तलखान्यातल्या डुकरांच्या कॉर्नियावर करतात. पण काढलेल्या कॉर्नियाला अश्रू येत नाहीत, रक्तातल्या पेशी धावून येत नाहीत. झाकणाखाली महिनाभर दबून बसलेला जंतू आणि त्याच्याशी झगडणारं शरीर हे सगळं एकत्र बघायचं तर अजून जिवंत डोळाच लागतो. कधीपर्यंत लागेल हे मला सांगता येणार नाही.

*

औषधं चार महिने चालली. मधे झाकण काढूनच टाकावं लागलं, म्हणजे थेंब खालपर्यंत पोचतील. जंतू गेला. मागं डाग राहिला. उजव्या डोळ्यानं तिला सगळं दिसतं. डाव्यानं, कडक लेन्स घातली की बरंच दिसतं, नाही घातली तर धुकं. चष्मा घालवायला गेलेली मुलगी आता रोज सकाळी लेन्स घालते. बघायला येणाऱ्यांना ती स्वतःच आधी सांगते, पोहे यायच्या आधी. त्यानं दोन स्थळं गेली. तिसरं राहिलं. मेहुणे स्वतः जाड भिंगाचा चष्मा लावतात.

या सगळ्यातून लासिक करू नका असं मला म्हणायचं नाही. लाखो लोक करतात आणि आनंदात असतात, उजव्या डोळ्यापुरती माझी बहीणही त्यांतलीच. पण करणार असाल तर आठवड्यांनंतर दुखलं तरी ते ऑपरेशनशी संबंधित असू शकतं हे लक्षात ठेवा. फोनवर न भागवता डोळा दाखवा. थेंब डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घाला. उरलेली बाटली फेकून द्या. आणि घरात माझ्यासारखा कुणी अर्धवट जाणकार असेल तर त्याचं ऐकू नका.

नंतर एकदा नांदेडला कामानं गेलो तेव्हा कॉलेजात डोकावलो. मामा निवृत्त झाले होते. अ‍ॅनिमल हाऊसचे बरेच पिंजरे रिकामे होते, एकात दोन ससे होते. मी काही मिनिटं उभा राहिलो. नव्या पोरानं विचारलं, "सर, काही पाहिजे का?" मी नाही म्हणालो.

नोकरी सोडून मी आता अहमदपूरला मेडिकल टाकलंय. सोयाबीनची काढणी, तुरीची रास, ऊसतोड, प्रत्येक हंगामात लाल डोळे घेऊन माणसं येतात. पाचट लागलेलं असतं, कुसळ गेलेलं असतं. अशा डोळ्यात बुरशी शिरते, आणि बुरशीलाही स्टेरॉइड फार मानवतं. लोकांना ते माहीत नसतं. त्यांना ती एक बाटली माहीत असते, जिनं दोन दिवसांत डोळा पांढरा होतो. मागच्या महिन्यात एक आजोबा आले, डोळ्याला उपरणं लावलेलं. रिकामी बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "हेच दे बाबा, लई गुण आला होता." मी डोळा बघितला. बुबुळाच्या कडेला पांढरं होतं. म्हटलं, आजोबा, हे देत नाही, आजच्या आज लातूरला डोळ्याच्या दवाखान्यात जा, चिठ्ठीवर पत्ता लिहून देतो.

ते चिडले. काढणी चालू आहे, लातूरला कोण नेतंय म्हणाले. "तुझ्या बापाच्या वयाचा हाय मी. पैसे द्यायलोय ना?" बाटली उचलली आणि गेले. समोरच्या दुकानाकडं वळले. मी काउंटरच्या बाहेर येऊन त्यांच्या मागं गेलो, हात धरून थांबवलं आणि त्यांच्या पोराचा फोन नंबर मागितला. रस्त्यात उभं राहूनच त्याला फोन लावला.

तो संध्याकाळी मोटारसायकल घेऊन आला. आजोबा मागं बसले, माझ्याकडं न बघता. लातूरचा रस्ता काही जवळचा नाही. वारा लागू नये म्हणून मी त्यांना दुकानातला एक काळा गॉगल दिला. तो त्यांनी घातला, आणि पैसे विचारले नाहीत.